पहाड म्हणजे काही घर नाही

माझ्या सासू-सासऱ्यांनी पंचवीस वर्षांत माझ्या घरी पाण्याचा घोट घेतला नाही. यात भांडण काही नव्हतं. त्यांच्याकडे रीत आहे. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. लेकरू झालं की जावई जेवायला बोलावतो आणि रीत सुटते. आम्हाला लेकरू झालं नाही, म्हणून रीत सुटली नाही. इतकंच.

वर्षातून दोन-तीनदा ते बपेऱ्याकडून सकाळच्या बसने भंडाऱ्याला येत. मामाजी, म्हणजे सासरे, खुर्चीत बसत, मामीजी सतरंजीवर. दुपारी मामीजी फडक्यातली शिदोरी सोडत, पिशवीतून पाण्याची बाटली काढत आणि आमच्या घरात बसून स्वतःचं जेवत. आम्हालाही वाढत. त्यांचं आम्ही खाल्लेलं चालत होतं. म्हणजे पंचवीस वर्षं माझ्याच घरात मी पाहुण्यासारखा जेवलो. मी शाळेत लिपिक आहे. नियमाबद्दल मला आदर आहे. तरी भाजीत मीठ कमी पडलं तर ते मागताना आपल्याच स्वयंपाकघराकडे बघायची चोरी, हे बरं वाटत नाही.

रक्षाला, म्हणजे माझ्या बायकोला, आधी याचा फार राग यायचा. मग तिने नियमातली फट शोधली. तिच्या माहेरच्या बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, राज्याच्या सीमेपलीकडचा एक पहाड दिसतो. त्याला नाव असेल, पण तिच्या गावी त्याला नुसता पहाडच म्हणतात. लहानपणी तिने बापाला विचारलं होतं, "बाबा, पहाडावरून आपण दिसतो का?" मामाजी म्हणाले होते, "जाऊन पाहू एक दिवस." त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती. आता पहाडावर देवीचं देऊळ आणि डांबरी रस्ता झाला होता.

"आपण गाडी घेऊ," रक्षा मामाजींना म्हणाली. "मी तुले नि आईले माझ्या दारातून गाडीत बसवीन आन् पहाडावर नेईन. तिथं मी केलेले लाखोळीच्या डाळीचे वडे देईन. पहाड काही माझं घर नाही. मंग खाशीन का नाही?"

मामाजींनी विडी विझवली. बराच विचार केला आणि म्हणाले, "पहाडावर चालते."

गाडी घेतली. जुनीच, पण चांगली. गाडी रक्षाच्या नावावर, कारण चालवायला ती शिकली होती. मी बाजूला बसून "हळू" म्हणायचो. गाडी आषाढात आली. श्रावणात रक्षाला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

यंदा होळी झाल्यावर मी ठरवलं, हे काम आपण करून टाकायचं. काम तसं छोटं होतं. गाडी शिकायची, वडे करायचे, दोन म्हाताऱ्या माणसांना पहाडावर नेऊन आणायचं. मामाजींना मोतीबिंदूसाठी सोमवारी भंडाऱ्याच्या डॉक्टरला डोळे दाखवायचे होतेच. शनिवारी त्यांनी यायचं, रविवारी पहाड, सोमवारी डॉक्टर. कागदावर सगळं बसत होतं.

कागदावरून उतरवलं ते शेजारच्या कृष्णरावांनी. ते एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. त्यांनी स्वतः कधी गाडी चालवली नाही, पण चालवणाऱ्याच्या मागे तीस वर्षं उभे राहिल्यामुळे त्यांना त्यातलं सगळं कळतं.

"पहाड त्यांच्या गावापाशी," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना सत्तर किलोमीटर इकडे आणून राहिले आन् पुन्हा सत्तर तिकडेच नेऊन राहिले. हे कोणतं लॉजिक?"

"रक्षा म्हणाली होती, माझ्या दारातून."

ते गप्प झाले. पण कृष्णराव गप्प बसतात ते पुढचा मुद्दा शोधायला.

"वड्याचा प्रश्नच नाही मंग," ते म्हणाले. "आता लेकीचं घर कुठं राहिलं? नियमच संपला. घरीच जेवू घाला. पहाडावर जायची गरज काय?"

ते बोलले ते चांगल्या मनानेच. पण मी घरात आलो आणि स्वयंपाकघरात उभा राहिलो. हा विचार मला शिवलाच नव्हता. पंचवीस वर्षं मला वाटायचं, या दोघांनी एकदा आपल्या घरचं पाणी प्यावं. आणि आता ते खरंच प्यायले तर? तर त्याचा अर्थ एकच, की हे त्यांच्या लेकीचं घर नाही. मग मी त्यांचा कोण, हाही प्रश्न आलाच. मला जावई म्हणणारी जगात ही दोनच माणसं उरली होती. मी पाणी पुढे करायचं आणि त्यांनी नको म्हणावं अशी आशा करायची, असा पाहुणचार भंडारा जिल्ह्यात यापूर्वी कोणी केला नसेल.

गाडी शिकायला सोपी गेली नाही. रक्षा बुटकी होती, सीट तिने अगदी पुढे घेतली होती. मी तिच्यापेक्षा हातभर उंच. शिकवणारा पोरगा पहिल्या दिवशी म्हणाला, "काका, सीट मागं घ्या, गुडघे स्टेअरिंगला लागून राहिले." मी म्हटलं, असू दे. तो रोज सांगायचा, मी रोज असू दे म्हणायचो. शेवटी त्याने मला कारध्याच्या पुलापर्यंत नेऊन परत आणलं आणि शिकवणी संपल्याचं जाहीर केलं. त्याला वाटलं मला कंबरेचा काही आजार आहे.

"सीमेपलीकडे जाताय तर गाडी नावावर करून घ्या," हा कृष्णरावांचा दुसरा सल्ला. म्हणून मी आरटीओ कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाबूंनी कागद पाहिले आणि म्हणाले, "मूळ मालकाची सही राहिली."

"मूळ मालक वारली. म्हणूनच आलो."

"मृत्यूचा दाखला?"

"हा काय."

"मग हा फॉर्मच नाही. वारसाचा वेगळा आहे. त्यावर खूण करा, मृत किंवा हयात. आणि हे प्रतिज्ञापत्र."

मला त्यांचा राग आला नाही. मीही पालकांना असंच सांगतो, हा फॉर्म नाही, तो आणा. नवा फॉर्म घेऊन मी घरी आलो आणि पेन उघडून टेबलाशी बसलो. तीस वर्षांत मी हजारो फॉर्म भरले आहेत. त्या चौकोनात खूण करायला जमलं नाही. फॉर्म कपाटात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

राहिले वडे. लाखोळीची डाळ भिजवायची, वाटायची, थापायची, तळायची. कुंपणापलीकडून सुलोचनावहिनी, म्हणजे कृष्णरावांच्या मंडळी, म्हणाल्या, "भाऊजी, मी करून देतो ना."

मी म्हटलं, "नको. तुम्ही केले तर ते तुमच्या घरचे होतील. तुमच्या घरचे ते कुठंही खातील. मग पहाड कशाला?"

हे त्यांना पटलं. तरी राहवेना म्हणून त्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. "मी हात लावत नाही, नुसतं सांगतो," म्हणाल्या. पहिल्या घाण्याचे वडे तेलात विरघळले. दुसऱ्या घाण्याला त्यांनी "पाणी कमी करा" सांगितलं, म्हणून मी ते पार काढून टाकलं. मीठ मी घातलं. मग मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा घातलं. तळून झाल्यावर एक वडा ताटात टाकला तर ताट वाजलं.

"प्रवासात चांगले टिकतील," सुलोचनावहिनी म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या शेजाराला त्या जागल्या.

शनिवारी दुपारी सासू-सासरे आले. मी दारात उभा राहिलो आणि त्यांच्या पिशवीकडे बघत राहिलो. बाटली होती, शिदोरी नव्हती.

"जेवता ना?" मी विचारलं.

"मले एकादशी हाय," मामीजी म्हणाल्या.

"मी तुमसरच्या स्टँडवर आलुबोंडे खाल्ले," मामाजी म्हणाले. "पोट फुगून राहिलं."

म्हणजे नाही. पण ही रीतीची नाही की पोटाची नाही, ते कळायला मार्ग नव्हता. विचारणार तरी काय? तुमची लेक तुमच्या हिशेबात अजून या घरात आहे का, असं विचारायची माझी हिंमत नव्हती. मी बाटलीवर नजर ठेवली. संध्याकाळी ती अर्धी होती. पहाटे निघताना पाहिली तर तोंडापर्यंत भरलेली. नळ माझ्याच न्हाणीत आहे. कोणी भरली, कुठून भरली, याचा तपास करायला वेळ नव्हता. मी डबा उचलला. कृष्णरावांनी डिकीत दोन विटा ठेवल्या.

"घाटात गाडी थांबली तर चाकामागे लावा," ते म्हणाले. "ब्रेकवर भरवसा नाही ठेवायचा. म्हणजे तुमच्या ब्रेकवर नाही. एकूणच."

मामाजी पुढे बसले, मामीजी मागे. तुमसरपर्यंत कोणी बोललं नाही, कारण मी बोलू दिलं नाही. एकदा मामाजींनी उजवीकडे बोट दाखवून "तो पाहा नवा नहर" म्हटलं आणि मी कालव्याकडे पाहिल्यामुळे गाडीही कालव्याकडे निघाली. त्यानंतर त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. आमच्या मागून आलेला एक धानाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. ट्रॉलीत बसलेल्या बायांनी आमच्याकडे पाहून हात हलवला.

सीमेच्या नाक्यावर पलीकडच्या पोलिसाने हात केला. कागद घेतले, वाचले.

"गाड़ी किसके नाम है? रक्षा कौन?"

"मेरी पत्नी," मी म्हटलं.

"वो कहाँ हैं?"

खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. गाडी शिकताना, कार्यालयात, शाळेत मी ते कित्येकदा दिलं होतं. पण मागे मामीजी बसल्या होत्या.

"घर में है," मामाजी म्हणाले. ते समोर रस्त्याकडे बघत होते.

पोलिसाने कागद परत दिले. "उनको भी लाना था. ऊपर मौसम अच्छा है."

"लाना था," मागून मामीजी म्हणाल्या.

मी गाडी सुरू केली. ती दोनदा बंद पडली.

घाट चार किलोमीटरचा. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर माझा गुडघा स्टेअरिंगखाली अडकला, पाय क्लचवरून निसटला आणि गाडी मागे सरकू लागली. मी ब्रेक दाबून धरला.

"मामाजी, विटा," मी म्हटलं.

मामाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते उतरले, डिकी उघडली आणि चाकामागे वीट लावली. मी गाडी थोडी चढवली की ते वीट उचलून पुन्हा मागे लावत. धानाच्या बांधीत पाणी अडवायची सवय त्यांना जन्मभराची, त्यामुळे वीट अगदी जागेवर बसत होती. एका हातात वीट, एका हातात धोतराचा सोगा, असे ते पहाड चढत होते आणि त्यांचा जावई गाडीत बसला होता. वरून एक मोटारसायकल उतरली. चालवणारा थांबला, त्याने आम्हा दोघांना नीट पाहिलं आणि मला म्हणाला, "काका, बाबाले गाडीत बसवा, तुम्ही उतरा. लवकर पोहोचसान." माझ्याच वयाच्या माणसाने मला काका म्हटल्याचं दुःख मी तेव्हा बाजूला ठेवलं.

तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली. इंजिन तापलं होतं. थंड होईपर्यंत बसलो आणि मग पाणी हवं म्हणून शोधलं, तर गाडीत पाणी एकच. मामीजींची बाटली. त्यांनी ती न विचारता पुढे केली. ती सगळी गाडीने पिऊन टाकली. घोटभरही मागे ठेवलं नाही.

मी पुन्हा सीटवर बसलो तेव्हा मामीजी मागून म्हणाल्या, "सीट मागं घ्या, जवाई."

"असू द्या."

"ती रागावणार नाही," त्या म्हणाल्या. "घ्या."

मी खाली हात घालून दांडी ओढली. सीट मागे गेली, एकदम, शेवटपर्यंत. पाय मोकळे झाले. मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ती एकदाही न थांबता वर गेली. ही गोष्ट मी कृष्णरावांना अजून सांगितलेली नाही. ते श्रेय विटांना देतात.

वर देवळासमोर मोठा ओटा आहे आणि पुढे सगळं खाली दिसतं. नदी, नहर, उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे, बाकी सगळं भुरकट. मामाजी कठड्याशी उभे राहिले. डोळ्यांवर हात धरला, काढला, पुन्हा धरला.

"मले तर नुसतं धुकं दिसते," ते म्हणाले. "जवाई, तुम्ही पाहा बरं. नहराच्या अलीकडं मोहाचं मोठं झाड. त्याच्या खाली आपली बांधी."

मी पाहिलं. नहराच्या अलीकडे मोहाची झाडं चाळीस-पन्नास तरी होती. सगळी सारखीच.

"दिसते का?"

"दिसते, मामाजी."

"झाडाखाली एखादी पोरगी उभी रायली, आठ-नऊ वर्षांची, तं दिसन का?"

तीस वर्षांत मी एकाही खोट्या दाखल्यावर शिक्का मारलेला नाही. "दिसन," मी म्हटलं. "साफ दिसन."

मामाजींनी मान हलवली. "मंग तिले तसं सांगाले पायजे होतं," ते म्हणाले. "म्या नुसतं जाऊन पाहू म्हटलं."

आम्ही ओट्यावर बसलो. मी डबा उघडला. मामीजींनी पहिला वडा उचलला आणि कठड्याच्या दगडावर, गावाच्या बाजूला ठेवला. तो रक्षाचा. एक माकड आलं, वडा उचलला, चावून पाहिला, पुन्हा चावून पाहिला आणि खाली टाकून दिला. मग रिकामी बाटली घेऊन झाडावर गेलं. माकडाने टाकून दिलेला खाद्यपदार्थ मी आयुष्यात तेव्हाच पाहिला.

"नका खाऊ," मी म्हटलं. "खाली जाऊन काही घेऊ."

मामीजींनी दुसरा वडा उचलला. ओट्याच्या कडेवर आपटून त्याचे दोन तुकडे केले, एक मामाजींना दिला.

"मीठ जास्त झालं," मी म्हटलं.

"झालं," त्या म्हणाल्या आणि खात राहिल्या.

मामाजींना पुढचे दात नाहीत. ते तुकडा गालात धरून बसले होते, विडी विझवताना विचार करत तसे. मग म्हणाले, "रक्षाही अशेच करे?"

"पहिल्या बारीले तिचेही अशेच झाले होते," मामीजी म्हणाल्या. "गोट्यावानी. तुम्हीच तं बैलाले टाकले होते. दिवसभर रडली पोरगी."

"आता नाही टाकत," मामाजी म्हणाले.

अकरा वडे होते. एक माकडाचा. दहा आम्ही तिघांनी संपवले, पाण्याशिवाय. त्यात कोणी चवीचं कौतुक केलं नाही. डबा रिकामा झाल्यावर मामीजींनी तो पदराने पुसला, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. पहाडाखाली हातपंप होता. तिथे ओंजळीने पाणी प्यायलो. बोरवेलचं पाणी इतकं गोड असतं हे मला माहीत नव्हतं.

भंडाऱ्याला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सत्तर किलोमीटरच्या उन्हाने आणि त्या मिठाने तिघांचेही घसे पुन्हा कोरडे पडले होते. मामाजी खुर्चीत बसले, मामीजी सतरंजीवर. बाटली माकडाकडे. आता एकादशी नव्हती, आलुबोंडे नव्हते, पहाडही नव्हता. घर होतं.

मी आत गेलो. माठातून दोन ग्लास भरून तबकात ठेवले. तहानलेल्या माणसाला पाणी विचारायला कोणता फॉर्म लागत नाही, तरी ते तबक उचलायला मला वेळ लागला. बाहेर आलो आणि त्यांच्यासमोर धरलं. मामाजींनी ग्लासकडे पाहिलं, मग मामीजींकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"काहून जवाई, इसरले का?" मामीजी म्हणाल्या. "बाजूच्या बाईकडून आणा. काल म्या बाटली तेथूनच भरली होती."

"मामीजी, पण आता..."

"आता काय?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लेकीचं घर हाय."

मामाजींनी मान हलवली आणि पाय लांब केले.

मी तबक ठेवलं, तांब्या घेतला आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेलो. सुलोचनावहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"काय झालं भाऊजी? नळ गेला का तुमचा?"

"नळ आहे," मी म्हटलं. "पाहुणे आलेत. रक्षाच्या माहेरचे."